म्युनिकला बस्तान हलवतोय: मुलगा साडेआठ, मुलगी चार. शाळा, किंडरगार्टन आणि रोजचं जगणं

उंबरठा:

नवरा एप्रिलपासून म्युनिकमध्ये आहे, ब्लू कार्डावर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर. कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या फ्लॅटमध्ये राहतोय. मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही मुलांना घेऊन जाते आहे. व्हिसा हातात आहे, तिकिटं काढली आहेत, तेव्हा कृपा करून व्हिसावर कुणी लिहू नका. ते सगळे धागे वाचून झाले आणि त्यातली भांडणंही.

मला विचारायचंय ते विमानातून उतरल्यानंतरचं. कंपनीच्या रिलोकेशनवाल्या बाईंनी एक लांबलचक यादी पाठवली आहे. त्यात बँक खातं आहे, सिम कार्ड आहे, कचऱ्याच्या डब्यांचे रंगसुद्धा आहेत. मुलांबद्दल एकच ओळ: "मुलांची शाळेत नोंदणी करावी." करावी म्हणजे कुठल्या शाळेत, कोणत्या इयत्तेत, कुणाला भेटून?

मुलगा साडेआठचा, तिसरी नुकतीच संपली. बोलका आहे, म्हणजे फारच. वर्गात बोलतो म्हणून डायरीत शेरे येतात. आणि तीच माझी धास्ती आहे. ज्याची सगळी ऐट बोलण्यात, त्याला एक वाक्य धड येत नाही अशा वर्गात नेऊन बसवायचं. नवऱ्याने एका शाळेत विचारलं तर म्हणाले, वयाप्रमाणे तिसरीतच घेऊ. म्हणजे पुन्हा तिसरी. तेव्हापासून सासऱ्यांच्या तोंडी "वर्ष फुकट" एवढंच आहे.

मुलगी चारची, तिचं उलट. अनोळखी माणूस दिसला की माझ्या पाठीमागे. किंडरगार्टनची जागा अजून मिळालेली नाही.

इंटरनॅशनल स्कूल की तिथली साधी सरकारी शाळा, यावर रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आमची बैठक बसते आणि ठराव न होता उठते. नोकरी कायमची आहे. आम्ही कायमचे जातोय का, ते आम्हालाच ठाऊक नाही. चार-पाच वर्षं मात्र नक्की.

आणि थोडं संकोचून विचारते. मी बँकेत कर्ज विभागात होते, राजीनामा दिलाय. तिकडे पहिल्या वर्षात माझं काय होतं?

"सगळं छान होईल" असं लिहिणाऱ्यांचे आगाऊ आभार. मला तपशील हवेत.


स्पष्टवक्ता:

मुलं तीन महिन्यांत फाडफाड बोलायला लागतात. आईबापच बाऊ करतात. आमची दोघं कधी शिकली ते आम्हाला कळलंसुद्धा नाही.


पहाटपाळी:

स्पष्टवक्ता, तुम्हाला कळलं नाही कारण तुम्ही ऑफिसात होतात. :)

उंबरठाताई, मी म्युनिकबाहेर, एस-बान या उपनगरी रेल्वेच्या शेवटाकडच्या एका गावात राहते आणि एका किंडरगार्टनमध्ये सहायक म्हणून काम करते. सकाळी सातला दार उघडायची पाळी बहुतेक वेळा माझीच, म्हणून हे नाव. आमची मुलंही साधारण तुमच्याच मुलांच्या वयाची असताना आणली. त्यामुळे दाराच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय. लांब लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी घराचा पत्ता, कारण बाकी सगळं त्यालाच लटकलेलं आहे. इथे ग्रुंडशूल, म्हणजे पहिली ते चौथीची शाळा, तुम्ही निवडत नाही. तुमचा पत्ता निवडतो. प्रत्येक शाळेचा हद्दीचा नकाशा असतो, त्याला श्प्रेंगेल म्हणतात. तात्पुरत्या फ्लॅटच्या हद्दीतल्या शाळेत मुलाला घातलंत आणि डिसेंबरात शहराच्या दुसऱ्या टोकाला घर मिळालं, तर शाळा बदलायची वेळ येते. पोराने कुठे एक दोस्त जोडलेला असतो, तोही सुटतो. तेव्हा नवऱ्याला सांगा, बाल्कनी आणि बाथटब नंतर; आधी तात्पुरत्या घराच्या आसपासच कायमचं घर शोध. म्युनिकमध्ये घर शोधणं म्हणजे काय ते त्याला एव्हाना कळलं असेलच. भाडं सांगताना बिनखर्चाचं सांगतात, त्यावर हीटिंग-पाणी वेगळं. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या त्या बिनखर्चाच्या भाड्याएवढं. आणि पुष्कळ घरांत स्वयंपाकघर नसतं. म्हणजे खोली असते, पण सिंक, शेगडी, कपाटं काहीच नाही. आधीचा भाडेकरू काढून घेऊन गेलेला असतो किंवा तुम्हाला विकत घ्या म्हणतो. जाहिरात वाचताना हे बघून घ्या.

दुसरं, तारखा. बव्हेरियाची, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्याची, उन्हाळी सुट्टी सगळ्या जर्मनीत उशिरा, ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. तुम्ही पोचाल तेव्हा शाळेच्या कार्यालयात फोन उचलायला कुणी सापडणं कठीण. म्हणून नवऱ्याने जुलै संपायच्या आत स्वतः जाऊन सचिव बाईंना भेटावं. जन्मदाखल्याचं शपथबद्ध अनुवादकाकडून केलेलं भाषांतर, जुनी प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाची नोंद बरोबर न्यावी. गोवराच्या दोन मात्रा तारखेसकट दिसल्या पाहिजेत. १ मार्च २०२० पासून गोवराचा कायदा लागू आहे. त्याशिवाय किंडरगार्टन मुलीला आत घेऊच शकत नाही. शाळेतही पुरावा मागतात.

आता "वर्ष फुकट". सासऱ्यांना हा भाग वाचून दाखवा.

बव्हेरियात चौथीच्या वर्षी, मे महिन्याच्या सुरुवातीला, एक दाखला मिळतो. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी काढतात. इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास, उलटा हिशोब. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा; २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे मधली; नाहीतर मिट्टेलशूल, कामधंद्याकडे नेणारी. थोडक्यात हुकलं तर तीन दिवसांची चाचणी देता येते. पण एकंदरीत नऊ-दहा वर्षांच्या मुलाची पुढची वाट इथे फार लवकर ठरते, आणि हे मला आजही पटलेलं नाही. बर्लिनमध्ये ग्रुंडशूल सहावीपर्यंत असते, तिथल्या मुलांना दोन वर्षं जास्त मिळतात.

आता तुमचा मुलगा सप्टेंबरात चौथीत बसला असता तर त्याला त्या दाखल्यापर्यंत किती वेळ मिळाला असता? आठ महिनेही नाही. आठ महिन्यांत त्याने जर्मन शिकायचं, आणि जर्मनमध्येच नदीकाठच्या परिसंस्थेवर उत्तरं लिहायची. शाळा त्याला तिसरीत घेते आहे म्हणजे एक अख्खं वर्ष पदरात टाकते आहे. शिवाय त्याचं वय तिसरीचंच आहे. वर्गातली बाकीची मुलंही आठ-नऊचीच असतील. तो मागे राहणारच नाही, सगळ्यांच्या बरोबरच असेल. घ्या ते वर्ष, आणि वाद घालू नका.

आणि गिम्नाझियुम नाही मिळालं म्हणजे आभाळ कोसळलं असंही नाही. रेआलशूलनंतर, किंवा मिट्टेलशूलमधून दहावी चांगली झाली की, पुढे एफओएस नावाच्या शाळेतून विद्यापीठापर्यंत जाता येतं. वळसा आहे, पण रस्ता आहे. आमच्या शेजारचा इंजिनिअर त्याच वळशाने गेला.

भाषेबद्दल स्पष्टवक्ता म्हणतात ते अर्धं खरं आहे. मैदानावरची भाषा मुलं लवकर उचलतात. वर्ष-दोन वर्षांत तुम्हाला वाटेल हा इथेच जन्मला. पण पुस्तकातली, परीक्षेतली भाषा ही वेगळी गोष्ट आहे. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. या पुस्तकी भाषेला पाच ते सात वर्षं लागतात असं ते सांगतात. मुलगा फाडफाड बोलतो म्हणून शिक्षक आणि आईबाप दोघंही निर्धास्त होतात, आणि मग शाब्दिक गणितात तो अडकला की "लक्ष देत नाही" असा शेरा येतो. त्याला गणित येत असतं हो, प्रश्न कळलेला नसतो. तेव्हा पहिल्या पालकभेटीत शिक्षिकेला विचारा की जर्मनची जादा शिकवणी कशी मिळते. काही शाळांत नव्या मुलांसाठी स्वतंत्र डॉइचक्लासे असतो. तो प्रत्येक शाळेत नसतो. तिथे बहुतेक तास जर्मनचे आणि खेळ, चित्रकला, संगीत बाकीच्या मुलांबरोबर. चांगला आहे, पण लांबच्या शाळेत जावं लागणार असेल तर मी घराजवळचा नेहमीचा वर्ग घेईन. का, ते खाली सांगते.

घरी मात्र मराठीच बोला. कुणी शिक्षिका प्रेमाने सांगेल की घरी जर्मन बोलत जा. मान डोलवा आणि सोडून द्या. आपल्या मोडक्या जर्मनमधून मूल मोडकं जर्मनच शिकतं, आणि रागावताना, समजावताना आपल्यापाशी शब्दच उरत नाहीत. मुलांना मराठीत गोष्टी वाचून दाखवा, वाद घाला, त्यांच्याकडून मराठीत पूर्ण वाक्यं काढा. एका भाषेत पक्कं झालेलं डोकं दुसऱ्या भाषेत जातं.

मुलीचं. एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क १ ऑगस्ट २०१३ पासून आहे. हक्क आहे, जागा मात्र शोधाव्या लागतात, कारण शिक्षिका कमी आहेत. म्युनिक शहरात किटाफाइंडर+ या पोर्टलवर नोंद करा आणि तेवढ्यावर थांबू नका. नवऱ्याला म्हणावं, दुपारी मुलं नेण्याच्या वेळेला दोन-चार ठिकाणी प्रत्यक्ष जा, हसून ओळख करून दे. ज्यांचा चेहरा लक्षात राहतो त्यांना फोन जातो. हे नियमात नाही, पण मी आतून बघते.

जागा मिळाली की आयनगेव्योनुंग, म्हणजे मुलाला रुळवण्याचा काळ. पहिले काही दिवस तुम्ही वर्गाच्या कोपऱ्यात बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. मुलीच्या कलाने दोन ते चार आठवडे, कधी जास्त. त्या काळात स्वतःचा कोर्स, मुलाखत, काही लावू नका. आणि निरोप न घेता गुपचूप सटकू नका. आया करतात असं, मूल खेळण्यात रमलेलं बघून. दुसऱ्या दिवशी ते मूल दारातून आत येत नाही, आणि ते आवरायला मी असते.

ती बोलणार नाही. आत्ताच सांगते, म्हणजे घाबरायला नको. नवी भाषा कानावर पडणारी मुलं कितीतरी आठवडे, काही तर महिनोन् महिने गप्प असतात. बघत असतात, साठवत असतात. आमच्याकडे एक मुलगी होती, आखाती देशातून आलेली. सगळा हिवाळा तिने एक शब्द काढला नाही. मार्चमध्ये एका मुलाने तिचा फावडा ओढला तेव्हा ती स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "तो माझा आहे, तू नंतर घे." व्याकरणासकट! शिक्षिका आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो.

कपडे घेऊन येऊ नका. चिखलात बसायची रबरी पँट, म्हणजे माटश्होजे, गमबूट, वर्गात घालायच्या चपला, बर्फाचा सूट, हे सगळं इथे वापरलेलं मिळतं. वसंतात आणि शरदात किंडरगार्टनांचे जुने बाजार भरतात, मुलं एका मोसमात ते आखूड करतात. पाऊस असला तरी आम्ही मुलांना बाहेर काढतो. "तिला सर्दी आहे, आज आतच ठेवा" असं सांगून काही उपयोग होत नाही. प्रत्येक वस्तूवर नाव घाला. मोज्यांवरसुद्धा.

पहिल्या हिवाळ्यात दोघंही सतत आजारी पडतील, नव्या शहरातले नवे जंतू. मुलांच्या डॉक्टरांकडे "नवे पेशंट घेत नाही" हे ऐकायची तयारी ठेवा, आणि पोचल्याच्या पहिल्याच आठवड्यात फोन सुरू करा, आजारी पडायची वाट न बघता. रात्री-रविवारी दवाखाना हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

नवऱ्याला एक प्रश्न आजच विचारा: आरोग्य विमा सरकारी घेतलाय की खासगी? सरकारी असेल तर कमाई नसलेली बायको आणि मुलं त्याच हप्त्यात, फुकट. खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. एजंट लोक एकट्या आलेल्या तरुण माणसाला स्वस्त खासगी विमा विकतात, मग मागून कुटुंब येतं. परत सरकारीत येणं सोपं नाही.

किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज भरा. जानेवारी २०२६ पासून दर मुलामागे महिना २५९ युरो. मागचे जास्तीत जास्त सहाच महिने मिळतात, म्हणून टाळत बसू नका.

रोजच्या जगण्याबद्दल थोडं. दुकानं रात्री आठला बंद, रविवारी कडकडीत बंद. शनिवारी संध्याकाळी दूध संपलंय हे लक्षात आलं तर स्टेशन किंवा पेट्रोल पंप गाठायचा. तिसरीची शाळा बारा-सव्वाबारा ते एकच्या दरम्यान सुटते. दुपारी थांबायला मिटाग्सबेट्रॉयुंग किंवा होर्ट असतं, त्याची वेगळी नोंदणी. दिवसभराच्या जागेचा नवा कायदेशीर हक्क २०२६-२७ च्या पहिलीपासून सुरू होतोय, तुमचा तिसरीत, त्याला तो लागू नाही. नोव्हेंबरात एक बुधवार असा येतो की शाळांना सुट्टी आणि ऑफिसं चालू. बुस-उंड-बेटटाग. दरवर्षी नवे आईबाप त्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन बंद शाळेसमोर उभे असतात.

शाळा बुडवून स्वस्त तिकिटाने सुट्टीला जायचा विचार करू नका. दंड होतो. २०१८ मध्ये पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीआधी मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी अशी कुटुंबं पकडली होती, पेपरात आलं होतं.

आता घराजवळची शाळा का. इथे आठ वर्षांची मुलं शाळेत एकटी चालत जातात. चौकात पिवळ्या जाकिटातले स्वयंसेवक असतात. चौथीत पोलीस येऊन सायकलची परीक्षा घेतात. तुमचं बोलकं पोरगं शाळेपेक्षा त्या वाटेवर जास्त जर्मन शिकेल. दुपारी बेल वाजवून "येतोस का?" विचारणारा मुलगा त्याच गल्लीतला असावा लागतो. इंटरनॅशनल शाळेत वर्षाला मुलामागे २० हजार युरोंच्या वर जातात आणि मुलं शहरभर पसरलेली असतात. तिथे मैत्री करायची तर आधी दोन आयांनी व्हॉट्सॲपवर वेळ ठरवायची. चार-पाच वर्षं राहणार असाल तर माझं मत साध्या शाळेला.

त्याला गावच्या फेराइनमध्ये घाला, म्हणजे क्रीडा मंडळात. फुटबॉल, जिम्नॅस्टिक्स, काहीही. फी थोडी असते, प्रशिक्षक बहुतेक कुणाचे तरी बाबा असतात, आणि चेंडू मागायला व्याकरण लागत नाही. पोहण्याच्या वर्गासाठी मात्र लगेच नंबर लावा, रांग मोठी असते. झेफेर्डशेन नावाचा पहिला बिल्ला असतो: काठावरून उडी, २५ मीटर पोहणं, खांद्याएवढ्या पाण्यातून वस्तू काढून आणणं. वर्गातल्या बऱ्याच मुलांकडे तो असेल, आणि तिसरीत पोहण्याचा तास असू शकतो.

तुमच्याबद्दल उद्या लिहिते. सकाळची पाळी आहे.


माइनतीर:

पहाटपाळी यांच्याशी बाकी सहमत, पण इंटरनॅशनल शाळेला इतकं झोडपू नये. आम्ही फ्रँकफर्टला दोन वर्षांच्या पोस्टिंगवर आलो तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती. पुढे कुठल्या देशात जाणार ते ठरलेलं नव्हतं. तेराव्या वर्षी जर्मन शाळेत घातलं असतं तर भाषा येईपर्यंत सामान बांधायची वेळ झाली असती. फी कंपनीने भरली. आम्हाला तोच रस्ता बरोबर पडला. वय, मुक्काम किती आणि फी कोण भरणार, या तीन गोष्टींवर ठरवा.

उंबरठा यांच्या बाबतीत मात्र मीही साध्या शाळेलाच मत देईन. साडेआठ हे वय चांगलं आहे.

पुरवणी: सगळ्या कुटुंबासाठी वैयक्तिक जबाबदारीचा विमा, हाफ्टफ्लिश्ट, जरूर घ्या; आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरपाई देतो. सात वर्षांखालच्या मुलाला कायदा नुकसानीला जबाबदार धरत नाही, म्हणून मुलीने शेजाऱ्याची गाडी ओरखडली तर साधी पॉलिसी हात वर करू शकते. लहान मुलांचं कलम आहे का ते बघून घ्या. शेजारी राहायचंय आपल्याला. आणि रेडिओ-टीव्हीचे महिना १८.३६ युरो दर घरामागे द्यावे लागतातच, टीव्ही असो वा नसो. त्या पत्राला फसवणूक समजून फेकू नका.


दोन्हीकडचा:

मी दहा वर्षांचा असताना आलो, न्युर्नबर्गला. आता विद्यापीठात आहे. मुलाच्या बाजूने लिहितो, मराठी सांभाळून घ्या.

रोज घरी आल्यावर "कुणी मित्र झाला का?" विचारू नका. मी खोटी नावं सांगायचो. त्याऐवजी मधल्या सुट्टीत काय खेळले ते विचारा, खरं उत्तर मिळतं.

वर्गात बोलणाऱ्या मुलाला सगळ्यात जास्त काय लागतं, तर विनोद करता न येणं. हुशारी गणितात दाखवता येते, विनोद भाषेशिवाय होत नाही. मी काही महिने वर्गात "शांत, सभ्य मुलगा" होतो. घरी आलो की तासभर न थांबता बोलायचो. तो तास त्याला द्या, तेव्हा फोन घेऊ नका.

आणि त्याला दुभाष्या बनवू नका. मुलं तुमच्यापेक्षा लवकर शिकतात, मग आईबाप डॉक्टरकडे, बँकेत, भाड्याच्या कागदांना त्यांना पुढे करतात. मला बाराव्या वर्षी आईच्या पोटाच्या दुखण्याचे रिपोर्ट समजावून सांगावे लागले. शब्द येत होते, पण ते मी सांगायचे नव्हते. पिझ्झा मागवायला चालेल.


पहाटपाळी:

दोन्हीकडचा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या लेकाला वाचून दाखवला. तो "हो" एवढंच म्हणाला आणि खोलीत गेला.

माइनतीर, तेरा वर्षं आणि दोन वर्षांचा मुक्काम असेल तर मीही तेच केलं असतं.

आता उंबरठाताई तुमचं. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम करायची मुभा आहे, वेगळी परवानगी लागत नाही. पण लगेच मिळत नाही, आणि पहिल्या वर्षी घराची सगळी मोट तुमच्याच अंगावर येते. दर दोन दिवसांनी शाळेचं पत्र: उद्या रंगीत पुठ्ठा आणा, परवा सहल, तेरवा शिक्षक बैठकीमुळे लवकर सुटणार. भाषांतराचं ॲप अर्थ सांगतं, महत्त्वाचं कुठलं ते सांगत नाही. म्हणून वर्गातल्या एका आईला धरा. एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकांच्या संध्याकाळच्या बैठकीला, पहिल्या वेळी स्वतः जा, नवऱ्याला पाठवू नका. काही कळलं नाही तरी बसा. तिथे वर्गाचा ग्रुप होतो, आणि ज्या बाई शेजारी बसतात त्यांना सरळ सांगा, माझं जर्मन कच्चं आहे, पत्रं आली की विचारलं तर चालेल का. इथली माणसं स्वतःहून गळ्यात पडत नाहीत. मदत मागितली की मात्र वेळेवर, काटेकोर करतात.

मुलगी रुळली की फोल्क्सहोखशूलचा, म्हणजे प्रौढांच्या शिक्षण केंद्राचा, जर्मनचा सकाळचा कोर्स घ्या. तुम्ही कर्ज विभागातल्या आहात, बी-२ पातळीपर्यंत रेटा, म्हणजे बी-१ च्या पुढची पायरी. म्युनिकमध्ये बँका आणि विमा कंपन्या भरपूर आहेत, त्यांच्या अंतर्गत कामात इंग्रजी चालतं, पण ग्राहकाशी बोलायचं तर जर्मनच. बी-१ ला थांबलेल्या बायका वर्षानुवर्षं "अजून थोडं सुधारलं की अर्ज करते" म्हणत राहतात. मी बघते ना त्यांना रोज दारात.

डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी आठच्या सुमारास उगवतो. अंधाराने माणूस चिडचिडं होतं, यात तुमचा स्वभाव काढू नका आणि नवऱ्याचाही. दुपारी उजेड असेतो मुलांना घेऊन बाहेर पडा, थंडी असली तरी. गाडी चालवत असाल तर भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतं, नंतर लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा पुन्हा द्याव्या लागतात.


उंबरठा:

आता नुसती वाचत बसले आहे. तिसरीचा परिच्छेद सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांनी "२.३३ म्हणजे किती टक्के?" विचारलं आणि वहीत काहीतरी गणित मांडलं. विरोध मावळलाय असं धरते.

विम्याचं विचारलं. सरकारी आहे, हुश्श. इंटरनॅशनल शाळा बाद. दोन्हीकडचा, तो तासभर बोलण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाहीये.

एकच राहिलं. दोन घरं नजरेत आहेत. एक तात्पुरत्या फ्लॅटच्याच हद्दीत, अडीच खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, स्वयंपाकघर बसवलेलं. दुसरं एस-बानने बरंच बाहेर, चार खोल्या, मागे बाग, भाडं जवळपास तेवढंच, स्वयंपाकघर नाही. नवऱ्याचा जीव बागेवर आहे. दुसऱ्या घराचा ताबा नोव्हेंबरात.


पहाटपाळी:

पहिलं घ्या. नोव्हेंबरात घर बदलायचं म्हणजे मुलगा दोन महिन्यांत दोन शाळा बघणार, आणि मुलीची किंडरगार्टनची रांग दुसऱ्या गावात पुन्हा पहिल्यापासून. गावं वेगळी, पोर्टलं वेगळी. बाग तुम्हाला पुढच्या वर्षी मिळेल; इथे एरवीही प्रत्येक वस्तीत खेळायचं मैदान असतं, तिथे आया भेटतात, बागेत फक्त नवरा भेटेल. मुलगा चौथी संपवून पाचवीला जाताना शाळा बदलतेच, घर बदलायचं तर तेव्हा बदला.

लिफ्ट नाही म्हणजे बाबागाडीचा प्रश्न नाही ना? चार वर्षांची आहे, चढेल. तळघरात सायकली ठेवायला जागा आहे का ते मात्र विचारा. भिंतींना बुरशी आहे का, खास करून झोपायच्या खोलीतल्या कपाटामागे, ते बघा. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडाव्या लागतात, नाहीतर बुरशी धरते आणि घरमालक तुमच्यावर ढकलतो.

आणि सही करायच्या दिवशीच मालकाकडून वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग हा कागद मागून घ्या, तुम्हा चौघांच्या नावांसकट. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्या कागदाशिवाय ती होत नाही. नोंदणी झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो, आणि किंडरगेल्डच्या अर्जात तो लागतो, मुलांचाही. म्युनिकमध्ये अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, पोर्टल सकाळी लवकर उघडून बसा. टपालपेटीवर आडनाव चिकटवलेलं हवं, नाहीतर पोस्टमन पत्र परत नेतो.


माइनतीर:

पेटीवर आडनाव दोन असतील तर दोन्ही लिहा. तुमचं आणि नवऱ्याचं वेगळं असेल तर मुलांची पत्रं कुणाच्या नावाने येतील सांगता येत नाही.


उंबरठा:

वेगळंच आहे! लिहून ठेवलं. पहिल्या घराला उद्या होकार कळवतोय, बुरशी आणि तळघर बघून.